पाईक्स पीकचा घाट

यंदा जूनमध्ये बाबा चिपळूणहून आमच्याकडे डेन्व्हरला आले. एसटीत ३२ वर्षं काढलेला, कुंभार्ली घाट तोंडपाठ असलेला माणूस. मोतीबिंदूनंतर गाडी चालवणं सुटलं, पण घाटाचं वेड नाही. म्हणून त्यांना पाईक्स पीकला न्यायचं ठरलं. निघण्यापूर्वी त्यांनी बॉनेट उघडायला लावलं.

"१.६ लिटर? आणि माणसं पाच? अरे, चढेल का ही?"

घाटरस्ता १९ मैलांचा, माथा १४,११५ फुटांवर. तिथली हवा समुद्रसपाटीच्या साधारण ६० टक्केच. माणसाला धाप लागते, तशी इंजिनालाही. पण आमच्या गाडीला टर्बो आहे. सायलेन्सरवाटे वाया जाणारा गरम वायू एक चक्र फिरवतो. त्याच दांड्यावरचं दुसरं चक्र विरळ हवा दाबून इंजिनात भरतं. गंमत म्हणजे या युक्तीची मोठी परीक्षा याच डोंगरावर झाली. १९१८ साली जनरल इलेक्ट्रिकच्या सॅनफर्ड मॉस यांनी विमानाचं लिबर्टी इंजिन माथ्यावर आणलं. सपाटीवर ३५० अश्वशक्ती देणारं ते इंजिन वर २३० वर आलं. टर्बो जोडल्यावर ३५६!

गाडी न कुरकुरता चढली. माथ्यावरचे प्रसिद्ध डोनट खाताना बाबांना मात्र दोनदा बसावं लागलं. "मलाही एक टर्बो बसवून घ्या रे," म्हणाले.

उतरताना मी ऐटीत सांगितलं, "बाबा, आता मोटर जनित्रासारखी चालते, उताराची वीज बॅटरीत जाते. ब्रेकची चिंताच नाही."

ते गप्प राहिले. थोड्याच मैलांत बॅटरी भरली. हिशेब सोपा होता. माणसांसकट दोन टनांची गाडी जवळजवळ दोन हजार मीटर उतरते, म्हणजे साधारण ११ युनिट ऊर्जा. बॅटरीत मावतात जेमतेम दीड. गाडी वेग घेऊ लागली, माझा पाय ब्रेकवर गेला.

"ब्रेक नको. गिअर उतरव. ज्या गिअरात चढलास, त्याच गिअरात उतरायचं."

ग्लेन कोव्हला रेंजर प्रत्येक गाडीच्या ब्रेकचं तापमान बघतात. आमच्या पुढच्या दोन गाड्या ब्रेक निववत बाजूला उभ्या होत्या. आम्हाला पुढे जायची खूण झाली.

बाबांनी खिडकीतून रेंजरला हात केला. घाटात समोरून येणाऱ्या एसटीच्या ड्रायव्हरला करायचे, अगदी तसाच.