आपोआप

‘आपोआप’ हा शब्द ऐकला की मला हसू येते. आंबा झाडावरून आपोआप पडतो खरा, पण तोही पिकण्याचे काम पुरे करूनच. माणसाच्या व्यवहारात तर कुणीतरी आधी राबल्याशिवाय काहीच घडत नाही. हे ज्ञान मला कोणत्या ग्रंथातून नव्हे, तर महाविद्यालयाच्या संगणक कक्षात मिळाले.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला. आमच्या कक्षातली यंत्रे जुनी. विंडोज ११ त्यांना पेलणारे नव्हते. तेव्हा लिनक्स घालायचे ठरले. यंत्रे तीस! प्रत्येकापुढे बसून भाषा कोणती, वेळ कोणती, परवलीचा शब्द कोणता, अशी उत्तरे देत राहिलो असतो तर सगळी सुट्टी त्यातच सरली असती. म्हणून सरांनी स्वयंचलित मार्ग सुचवला. सारी उत्तरे आधीच एका फाइलीत लिहून ठेवायची. डेबियनमध्ये तिला प्रीसीड म्हणतात, रेड हॅटच्या घराण्यात किकस्टार्ट. आम्ही दुसरी वाट धरली. यंत्र सुरू केले की ते फाइल वाचते आणि मुकाट्याने कामाला लागते.

या उत्तरांत सर्वांत जोखमीची ती हार्ड डिस्कविषयीची. कोरी डिस्क म्हणजे मोकळे रान. पेरणीआधी त्यात बांध घालावे लागतात. त्या वाट्यांना पार्टिशन म्हणतात. कोणता वाटा कुठून कुठवर, याचा उतारा डिस्कच्या आरंभी लिहिलेला असतो. जुन्या एमबीआर पद्धतीत तो ५१२ बाइटांच्या पहिल्या सेक्टरात, अवघ्या ६४ बाइटांत बसतो. त्यात मुख्य वाटेकरी चारच मावतात आणि सुमारे २ टेराबाइटांपलीकडची जमीन त्याला मोजता येत नाही. नव्या जीपीटी पद्धतीत साधारणतः १२८ नोंदींची सोय असते, शिवाय उताऱ्याची एक नक्कल डिस्कच्या शेवटच्या टोकाला जपलेली असते. तलाठ्यालाही हेवा वाटावा अशी ही दक्षता!

आम्ही तीन वाटे आखले. यंत्र जागे करण्यासाठी एक लहानसा, प्रणालीसाठी दुसरा आणि विद्यार्थ्यांच्या कामासाठी तिसरा. उद्या प्रणाली बदलली तरी कुणाच्या प्रकल्पाला धक्का लागू नये, हा त्यामागचा हेतू.

खरा पेच पुढेच होता. माणूस समोर बसलेला असला की यंत्र विचारते, ‘ही डिस्क पुसू का?’ आणि हात क्षणभर थबकतो. स्वयंचलित पद्धतीत ते थबकणेच नाहीसे होते, कारण ‘हो’ हे उत्तर आधीच लिहिलेले असते. किकस्टार्टमध्ये ‘क्लीअरपार्ट’ला ‘ऑल’ जोडले आणि डिस्क नेमकी सांगितली नाही, तर जोडलेल्या सगळ्याच डिस्कांचे उतारे पुसले जातात. नावावर भिस्त ठेवावी, तर ‘एसडीए’, ‘एसडीबी’ ही नावेही कायमची नव्हेत. आजची ‘ए’ उद्या पेनड्राइव्ह जोडल्यावर ‘बी’ होऊ शकते. उतारा पुसला म्हणून पीक लगेच नाहीसे होत नाही, हे खरे. पण त्याच रानात नवी पेरणी झाली की जुने हाती लागणे कठीण.

तीस यंत्रे पार पडली. एकतिसावे ग्रंथालयातले, त्यात डिस्का दोन. सरांनी एवढेच विचारले, “त्यात काय आहे, हे बाईंना विचारलंत का?” कन्नड विभागात लिहिणारा माझा मित्र आणि मी ग्रंथालयात गेलो. बाई म्हणाल्या, “नवीन डिस्क रिकामीच आहे रे. जुनीत मराठी-कन्नड पुस्तकांची यादी आहे. तीन वर्षं टाइप करत होते. दुसरीकडे कुठं नाही बघ.”

आम्ही दोघे एकमेकांकडे पाहत राहिलो. मग मित्र म्हणाला, “आधी नक्कल काढूया की, बाई.”

यादीच्या दोन नकला दोन जागी ठेवल्या आणि त्या उघडतात की नाही तेही पाहिले. नव्या डिस्कचा अनुक्रमांक तिच्या चिठ्ठीवरून टिपून फाइलीत तिची ओळख त्या क्रमांकाने घातली. इतकेही पुरे न वाटून जुन्या डिस्कची केबलच काढून ठेवली. मग कळ दाबली. यंत्राने काही विचारले नाही. केबल पुन्हा जोडल्यावर बाईंनी यादी उघडली, शेवटपर्यंत सरकवत नेली आणि चष्मा पुसला.

तीस यंत्रांना एक फाइल पुरली. एकतिसाव्यासाठी मात्र जिना चढून एका माणसाला विचारावे लागले. यंत्राने विचारायचे सोडले की ते विचारणे माणसाकडे येते. ही पायरी आमच्या पाठ्यपुस्तकात नाही. माझ्या वहीत मात्र ती मी पहिल्या क्रमांकावर लिहून ठेवली आहे.