भुसावळचा उन्हाळी बाजार

महाराष्ट्रातील तापमानाची उन्हाळी यादी छापून आली की भुसावळचे नाव तिच्यात वरच्या बाजूलाच सापडते. एप्रिलच्या अखेरीस पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि मे महिन्यात तो खाली यायचे नाव घेत नाही. सकाळी अकरानंतर जामनेर रोडवरची वर्दळ ओसरते, दुकानांपुढे हिरव्या जाळ्या आणि ओली गोणपाटे लोंबू लागतात, मॉडर्न रोडवर अर्ध्यावर ओढलेल्या शटरच्या आत दुकानदार कूलरच्या झोतात हिशेबाची वही घेऊन बसतो. परगावच्या माणसाला वाटावे की हे गाव दोन महिने बंदच असते. प्रत्यक्षात गावाच्या वर्षभराच्या खरेदीतला मोठा वाटा याच दोन महिन्यांत होतो. शाळांना सुट्ट्या, लग्नसराई, आखाजी, तीर्थयात्रा आणि माहेरी येणाऱ्या लेकी हे सारे एकाच वेळी दाराशी येते. फक्त बाजाराची वेळ सरकते. सकाळी सात ते दहा आणि दिवस मावळल्यानंतर.

या बाजाराला रेल्वेने स्वतंत्र वळण दिले आहे. मुंबईहून येणारा लोहमार्ग भुसावळला दुभंगतो. एक फाटा अकोला-बडनेऱ्यावरून नागपूरकडे जातो, दुसरा खांडवा-इटारसीकडे. १८७० साली मुंबई आणि कलकत्ता ही शहरे रेल्वेने जोडली गेली, ती याच इटारसीच्या मार्गाने. सुरतेकडून तापीच्या खोऱ्यातून येणारा मार्ग पंचवीस किलोमीटर अलीकडे जळगावला मिळतो. त्यामुळे सम्मेदशिखरजीला जाण्यासाठी पारसनाथची गाडी असो, शिरपूरच्या अंतरिक्ष पार्श्वनाथासाठी अकोल्याची असो वा पालिताण्यासाठी सुरतेकडची असो, खानदेशातील यात्रेकरूंची पावले आधी याच फलाटांकडे वळतात. उन्हाळ्यात येथे विकला जाणारा खाऊ, बाटल्या, पिशव्या, चादरी यांतला निम्मा माल घरात राहतच नाही, तो गाडीत चढतो. जुन्या पिढीला आठवणारी कापडी छागल, खिडकीच्या गजाला बांधलेली आणि वाऱ्याने गार होणारी, आता दिसत नाही. तिची जागा स्टीलच्या दुहेरी भिंतीच्या बाटलीने घेतली आहे. ही बाटली घेताना झाकणाचे रबर निघते की नाही एवढे पाहावे. जे निघत नाही ते नीट धुतलेही जात नाही.

जैन घरातील उन्हाळी खरेदीला घड्याळाबरोबर पंचांगही लागते. संप्रदायानुसार आणि घरानुसार नियमांत फरक असतो, हे खरे. तरी श्वेतांबर परंपरेतील अनेक घरांत फाल्गुन चौमासी झाली की पालेभाजी आणि सुका मेवा कार्तिक चौमासीपर्यंत वर्ज्य होतो. ज्याला हे ठाऊक नाही, तो एप्रिलमध्ये मोठ्या हौसेने काजू-मनुका-अंजिरांची सजवलेली पेटी घेऊन जातो. यजमान हसतमुखाने ती ठेवून घेतात आणि दुसऱ्या दिवशी ती दुकानातील नोकराच्या हाती जाते. पेटीचे पैसे गेले आणि ज्या घराला द्यायचे त्या घरापर्यंत भेट पोहोचलीच नाही. कवचासकट असलेले बदाम ज्या दिवशी फोडावे त्या दिवशी खाता येतात, असा संकेत बऱ्याच घरांत आहे. नारळाचेही तसेच. म्हणून त्या दिवसांत जाणकार माणूस अख्खा नारळ आणि खडीसाखरेचा पुडा घेऊन जातो. दिसायला साधे, पण स्वयंपाकघरात जाते.

खाखऱ्याचा हिशेब याहून नाजूक आहे. परंपरेने मिठाई, खाखरा अशा पदार्थांना हिवाळ्यात ३० दिवस, उन्हाळ्यात २० आणि पावसाळ्यात १५ दिवसांची मर्यादा घातली आहे. कारखान्याच्या पाकिटावर मात्र कित्येक महिन्यांची मुदत छापलेली असते, आणि घाईत नजर जाते ती त्याच ओळीवर. पाहायला हवी ती तयार केल्याची तारीख. पाकीट एप्रिलच्या पहिल्या तारखेचे असेल आणि खरेदी अठरा तारखेला झाली असेल, तर नियम पाळणाऱ्याच्या हाती दोनच दिवस उरतात. पाच माणसे, आठ दिवसांचा प्रवास आणि माणशी रोज तीन खाखरे धरले तर एकशे वीस खाखरे पुरतात. घाऊक सूट मिळते म्हणून दुप्पट घेणाऱ्याची बचत कागदावरच राहते. खानदेशाच्या उन्हात तेल लवकर खवट होते, हे कोणत्याही गृहिणीला सांगावे लागत नाही. त्यामुळे वीस दिवसांची ती मर्यादा व्रत न पाळणाऱ्याच्याही पोटाला सोयीची आहे.

येथे वाचकांतील व्यापाऱ्यांचाही संबंध येतो, कारण या गावात खाखरा घेणारा आणि विकणारा पुष्कळदा एकाच पंगतीत जेवतो. जुना माल पुढे आणि नवा मागे मांडण्याची दुकानदारीची रीत समजण्यासारखी आहे. पण यात्रेला निघालेल्या गिऱ्हाइकाने तारीख विचारल्यावर पाकीट उलटे करून दाखवणारा दुकानदार पुढच्या वर्षीचे गिऱ्हाईकही बांधून ठेवतो.

पाकिटावरील हिरव्या ठिपक्याविषयी मोठा गैरसमज आहे. तो ठिपका पदार्थ शाकाहारी आहे एवढेच सांगतो. कांद्याची भुकटी, लसणाची भुकटी, बटाट्याचा स्टार्च यांविषयी तो मुका असतो. मधाच्या बाटलीलाही हिरवा ठिपकाच लागतो. त्यामुळे मुलांसाठी घेतलेल्या मसालेदार कुरकुरीत खाऊची बारीक अक्षरातील घटकांची यादी वाचण्यावाचून गत्यंतर नाही. ती वाचायचे काम मुलांनाच द्यावे. सुट्टीत पाठशाळेतील मुले अशी यादी मोठ्यांपेक्षा भराभर वाचतात आणि चूक पकडल्याचा आनंद त्यांना खाऊइतकाच असतो.

मात्र ज्या खाऊवर यादी नसते तो अधिक अवघड. भुसावळ, सावदा, फैजपूर, रावेर या पट्ट्यात केळीच्या वेफरचा मोठा व्यवसाय आहे. रावेर-यावलच्या केळीबागांनी हा सारा मुलूख हिरवा ठेवला आहे आणि जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. कच्चे केळे हा जैन स्वयंपाकघरातला बटाटाच. भाजी, कटलेट, वेफर सारे त्याचे होते. तेव्हा परगावी नेण्यासाठी याहून अस्सल स्थानिक भेट दुसरी नाही. पण ज्या कढईत केळे तळले जाते तिच्यातच सकाळी बटाटा तळला होता का, आणि वरचा मसाला लसणाचा तर नाही, हे दोन प्रश्न दुकानात उभे राहून विचारावे लागतात. साधे मीठ आणि काळी मिरी लावलेले वेफर घेतले तर दुसरा प्रश्न उरत नाही.

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. खानदेशात या सणाचा मान दिवाळीच्या बरोबरीचा. सासुरवाशिणी माहेरी येतात, झोके बांधले जातात, गौराईची गाणी होतात, मांडे आणि आमरस यांचा बेत असतो. पूर्वजांच्या नावाने नवी घागर भरली जाते, त्यामुळे आधीच्या आठवड्यात कुंभारांकडे गर्दी असते. वर्षभराचा माठ घ्यायचा तोही याच दिवसांत घ्यावा, निवड भरपूर असते. त्याच तिथीला वर्षीतपाची पारणी उसाच्या रसाने होतात. गावाचा सण आणि समाजाचा उत्सव एकाच दिवशी आल्याने सराफ बाजारात पाय ठेवायला जागा उरत नाही. सोने घेणाऱ्याने हॉलमार्कबरोबर सहा अंकाक्षरांचा एचयूआयडी क्रमांक बिलाशी ताडून पाहावा. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर तो असणे बंधनकारक आहे आणि बीआयएस केअर या अ‍ॅपवर तो पडताळता येतो. घडणावळ स्वतंत्र लिहून घ्यावी. गर्दीच्या दिवशी भाव एक आणि घडणावळ दुसरीच, असा अनुभव नवीन गिऱ्हाइकाला येतो.

तपस्व्याला काय द्यावे, हा प्रश्न दरवर्षी नव्याने पडतो. चांदीचे नाणे सर्वांनाच सुचते. रेशमी शाल देताना रेशीम कोश उकळून काढले जाते याचा विसर पडू नये. त्यापेक्षा मऊ सुती चादर, कटासणे, पाणी गाळण्यासाठी घट्ट विणीचे खादीचे कापड किंवा तांब्याचा लोटा यांचा उपयोग रोज होतो. प्रभावनेसाठी शंभर-दोनशे नग लागतात तेव्हा प्लास्टिकचे डबे स्वस्त पडतात खरे, पण प्रत्येक घरात असे दहा डबे झाकणे हरवून पडलेले आहेत. मिठाई दिलीच तर वर्खाविषयी विचारावे. वर्ख बनवताना प्राणिजन्य साहित्य वापरण्यास केंद्रीय अन्नसुरक्षा यंत्रणेने २०१६ साली मनाई केली असली तरी बिनवर्खाची मिठाई मागितली की प्रश्नच मिटतो.

सुट्टीतील बाहेरच्या जेवणासाठी खानदेशाजवळ वरण-बट्टी हे तयार उत्तर आहे. भरिताची पार्टी या भागात प्रसिद्ध, पण वांगे आणि कांदा-लसूण दोन्ही जैन ताटात बसत नाहीत. वरण-बट्टी मात्र मारवाडातून आलेल्या कुटुंबांच्या दाल-बाटीची सख्खी बहीण. जाडसर दळलेली कणीक, तूरडाळ, तूप, मीठ, जिरे, हळद एवढेच सामान. यावलजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी, पालच्या वाटेवर किंवा एखाद्या ओळखीच्या मळ्यातील आंब्याखाली ती होते. कोथिंबीर आणि कढीपत्ता वर्ज्य असतील तर फोडणीत जिरे आणि हिंग पुरतात. घोटाळा होतो तो ताकामुळे. उन्हाने तहानलेली मुले वरणाबरोबर ताक मागतात, आणि न तापवलेले ताक कडधान्याबरोबर आले की द्विदलाचा दोष लागतो. म्हणून कैरीचे पन्हे न्यावे, आणि ताक प्यायचेच असेल तर जेवणाच्या बरेच आधी देऊन मोकळे व्हावे. बर्फ तर बावीस अभक्ष्यांतच मोजला जातो. ओल्या कापडात गुंडाळलेला माठ सावलीत ठेवला की त्याची आठवण होत नाही. मे महिन्यात सूर्य सातच्या सुमारास मावळतो. चूल चारला पेटली नाही तर चौविहार करणाऱ्या आजी-आजोबांना अर्धवट भाजलेली बट्टी गिळावी लागते. भांडी घासण्याचे पाणीही घरूनच न्यावे, कारण मे महिन्यात मळ्याच्या विहिरीवर शेतकऱ्याचा आधी हक्क असतो.

या गावाचे सर्वांत मोठे बाहेरचे जेवण मात्र मळ्यात होत नाही, ते फलाटावर होते. भुसावळ हे जंक्शन असल्याने कोणाचे ना कोणाचे नातलग रोज येथून जात असतात. ‘अमुक गाडीने जातोय’ एवढा निरोप आला की घरातील बाई कणीक भिजवते आणि घरातला तरुण डबा घेऊन स्थानकावर उभा राहतो. गाडी काही मिनिटेच थांबते. डब्याची सामग्री आदल्या दिवशी घेतलेली असावी लागते. पालेभाजीचे दिवस नसल्याने मेथीचे थेपले नाहीत, जिऱ्याचे. कच्च्या केळ्याची कोरडी भाजी, तळलेली मिरची, छुंदा. लोणच्यासाठी कैरीच्या फोडी तीन दिवस कडक उन्हात वाळवण्याची जी जुनी पद्धत आहे, तिला भुसावळच्या गच्चीसारखी जागा नाही. डबा परत मागायचा नसतो, म्हणून मे महिन्याच्या सुरुवातीलाच डझनभर साधे स्टीलचे डबे किंवा जाड कागदी खोकी आणून ठेवणारी घरे आहेत.

डब्यापेक्षा पाण्याची काळजी मोठी. उकळलेल्या पाण्याची मर्यादा उन्हाळ्यात पाच प्रहर, हिवाळ्यात चार आणि पावसाळ्यात तीन. एक प्रहर सुमारे तीन तासांचा. गाडीत बसलेली व्यक्ती बियासण्यावर असेल, वयाने सत्तरीच्या पुढे असेल आणि डब्यात पंखा गरम वारा फेकत असेल, तर सूर्यास्ताच्या आत मिळालेला डबा आणि पक्क्या पाण्याची बाटली याला दुसरा पर्याय नसतो. गाडी दोन तास उशिरा आली की सारा बेत फसतो. डबा हाती येतो तेव्हा दिवस मावळलेला असतो आणि ती व्यक्ती तो शेजारच्या प्रवाशाला देऊन टाकते. अनुभवी घरे म्हणून गाडीचा ठावठिकाणा नाशिक-मनमाडपासून पाहत राहतात आणि उशीर दिसताच चाळीसगाव किंवा जळगावच्या नातलगाला फोन जातो. मग डबा तिकडच्या घरातून निघतो आणि भुसावळचा डबा घरातच खाल्ला जातो.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात आर्द्रा नक्षत्र जवळ येते. आर्द्रा लागल्या की अनेक जैन घरांत आंबा बंद होतो. त्यामुळे केशर आणि बदाम आंब्याच्या पेट्या घेताना शेवटच्या आठवड्यात मोजून घ्याव्या लागतात. कार्बाइडने पिकवलेल्या आंब्याला कायद्याने बंदी आहे, तरी एकसारखा पिवळा आणि वासहीन आंबा दिसला तर तो टोपलीतच राहू द्यावा. आर्द्रेच्या आदल्या संध्याकाळी, सूर्यास्ताच्या आत, घरोघरी शेवटचा आमरस होतो. पेटीत उरलेले आंबे रात्री दुकानातील माणसांच्या आणि शेजाऱ्यांच्या घरी पोचवले जातात आणि रिकामी पेटी माळ्यावर चढते.