नवी मुलं शिकणार कुठे?

आज आमच्या सीए ऑफिसात आर्टिकलशिपसाठी दोन मुलं येऊन गेली. त्यांना काम काय द्यायचं, हा प्रश्न पूर्वी पडतच नसे. खरेदीचं रजिस्टर आणि जीएसटीआर-२बी, म्हणजे पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांचं जीएसटी पत्रक, समोर ठेवायचं, एकेक बिल जुळवायचं, न जुळलेल्यावर लाल खूण, मग पुरवठादाराला फोन. आता जुळणी सॉफ्टवेअर करतं आणि पुरवठादाराला पाठवायची मेल एआय लिहून देतं.

बँकांत संगणक आले तेव्हाही लोक धास्तावले होते. पण त्या यंत्राने बेरजा घेतल्या, मसुदे माणसांकडेच राहिले. या वेळी मसुदेही चाललेत. जगातल्या सुमारे ४० टक्के नोकऱ्यांना एआयची झळ पोचू शकते, असं आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने २०२४च्या जानेवारीत म्हटलं. मला काळजी आहे ती या दोन मुलांची. दोन वेगळ्या दुकानांच्या बिलांवर एकच हस्ताक्षर दिसलं की थबकायचं, हे कुठल्या पुस्तकात नाही. त्या कंटाळवाण्या जुळणीतच ती नजर तयार होते.

दोघांनाही घ्यायचं ठरवलंय. सुरुवातीला जुळणी हातानेच करतील. भागीदारांना हा वेळेचा अपव्यय वाटतो. उद्या त्यांच्याशी भांडावं लागणार, आणि मी भांडणार आहे.