कोपऱ्यावरची कॉफी

खांदेरी किल्ला समोर पाहत थळमध्ये हयात घालवलेले माझे वडील धाकट्या भावाकडे मेलबर्नला गेले आणि अबोल झाले. घरची माणसे दिवसभर कामावर. पुढे मोडक्यातोडक्या इंग्रजीवर ते कोपऱ्यावरच्या कॅफेत एकटेच जाऊ लागले. दुसऱ्या महायुद्धानंतर आलेल्या इटालियन स्थलांतरितांनी त्या शहराला एस्प्रेसोची गोडी लावली. म्हणजे ती रीतही परक्यांचीच! दुपारच्या कॉफीने झोप उडेल म्हणून मी फोनवर रागावलो. ते म्हणाले, “अरे, तिथली मुलगी विचारते, आज उशीर का झाला? एवढी विचारपूस दुसरे कोण करते?”

मी निरुत्तर झालो. आता उठल्यावर थायरॉईडची गोळी नुसत्या पाण्याबरोबर, तासाभराने कॅफेतली कॉफी. दुपारी गेलेच, तर कॅफीन काढलेली. जाणे बंद करा, असे पुन्हा म्हटले नाही.