बाणाचं टोक

आम्हा कोकणी मुसलमानांच्या काही घरांत शेतीसंरक्षणाची बंदूक असते. शौकापेक्षा रानडुकरांचा जाच मोठा. परवाना १९५९च्या शस्त्र कायद्याखालचा. २०१९च्या दुरुस्तीने त्याची मुदत तीनाऐवजी पाच वर्षं झाली. कचेरीचे हेलपाटे कमी झाले, इतकंच.

निवडणूक आली की बंदूक ठाण्यात जमा करण्याची नोटीस येते. घरी ती कुलपात असते, काळजी वाटेतली. गोणपाटात गुंडाळून जीपच्या सीटमागे ठेवायची, काचा वर करायच्या आणि खुशाल चहाला उतरायचं, ही आमच्याकडची रीत. काच म्हणजे कुलूप नव्हे. एका दगडाचं काम! बंदूक गेली तरी तिचा नंबर आमच्याच परवान्यावर राहतो. ती उद्या कुठे वाजली तर पोलीस आधी आमच्या दारात, आणि आडनाव वाचून लोक काय बोलतील ते वेगळं सांगायला नको.

मशिदीतून, बाजारातून बाण नेणाऱ्याने टोकं मुठीत धरावीत, असं हदीसमध्ये आलं आहे. म्हणून आम्ही जुम्मा टाळून, दोघं मिळून निघतो. जोहरला एक मशिदीत, दुसरा जीपमध्ये, मग अदलाबदल. काडतुसं वेगळ्या पिशवीत, अंगावर. ठाण्याची पावती हाती पडेपर्यंत चहा नाही.