उन्हामागे सरकणारी खुर्ची

नाशिकहून येवल्याकडे जाणाऱ्या रस्त्याने साधारण 40 किलोमीटर आलात, की निफाड लागते. आपल्यापैकी अनेकांना हे गाव केवळ डिसेंबर-जानेवारीत आठवते. राज्यातील सर्वांत कमी तापमान निफाडला, ही वर्तमानपत्रातील ओळ वाचून आपण अंगावरची शाल थोडी घट्ट करता आणि पान उलटता. तो आकडा गावाजवळच्या कुंदेवाडी येथील गहू संशोधन केंद्रातून येतो. काही वर्षी तो 5 अंश सेल्सिअसच्याही खाली उतरतो. महाबळेश्वर इतक्या उंचावर असताना अवघ्या साडेपाचशे मीटर उंचीच्या निफाडने ही थंडी कोठून आणली, असा प्रश्न आपल्याला पडला असेल. हिवाळ्यात येथील आकाश निरभ्र आणि हवा कोरडी असते. दिवसभर साठवलेली उष्णता जमीन रात्री मोकळ्या आकाशाला देऊन टाकते. थंड हवा जड असल्याने ती पाण्यासारखी सखल भागाकडे वाहत येते आणि गोदावरी व कादवा यांच्या खोऱ्यात पसरून राहते.

या भागात मी पंचवीसहून अधिक हिवाळे रुग्ण तपासण्यात घालवले आहेत. पाहुणे येतात, द्राक्षबागा पाहतात, नांदूरमध्यमेश्वरला जाऊन चक्रवाक आणि थापट्या पाहून येतात. ते सारे पाहण्याजोगे आहेच. 2020 मध्ये त्या पाणथळ जागेला रामसर दर्जा मिळाला आणि तो महाराष्ट्रातील पहिला होता. परंतु आज मी आपल्याला तेथे नेणार नाही. मला दाखवायचे आहे ते येथील मळ्यातले किंवा गल्लीतले एखादे साधे घर. ज्यांची पंच्याहत्तरी उलटली आहे, त्यांचा हिवाळ्यातील सगळा प्रवास याच घरात होतो, आणि तो आपण समजतो तितका लहान नसतो.

आपण पहाटे 5 पासून आरंभ करू. बाहेर द्राक्षबागेत हालचाल सुरू झालेली असते. कडाक्याच्या थंडीत द्राक्षाचे मणी तडकतात. म्हणून शेतकरी बागेत ठिकठिकाणी शेकोट्या पेटवतात, ठिबकने पाणी सोडतात. घरातल्या आजोबांना मात्र पलंगापासून मोरीपर्यंतच्या पंधरा पावलांची चिंता असते. थंडीत त्वचेतील रक्तवाहिन्या आकसतात, मूत्रपिंडांकडे अधिक रक्त जाते आणि रात्रीच्या लघवीच्या फेऱ्या वाढतात. त्यामुळे वर्षभर एकदा उठणारा माणूस जानेवारीत तीनदा उठतो. गोधडीच्या उबेतून एकदम उभे राहिले की रक्तदाब क्षणभर घसरतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. त्यात पायांत लोकरीचे मोजे आणि खाली नव्या गुळगुळीत टाइल्स. जुन्या शहाबादी फरशीवर मोजे इतके घसरत नसत. माझ्याकडे हिवाळ्यात येणाऱ्या खुब्याच्या अस्थिभंगांतील बरेचसे याच पंधरा पावलांवर घडलेले असतात.

म्हणून आधी कुशीवर वळावे, मग पाय खाली सोडून पलंगाच्या कडेला मिनिट-दोन मिनिटे बसावे, आणि मगच उठावे. मोज्यांवर मागे पट्टा असलेली खरखरीत तळव्याची चप्पल घालावी. वाटेत रात्रभर एक मंद दिवा असू द्यावा. विजेचे बिल वाढते म्हणून तो विझवणारे आजोबा घरोघरी असतात, तेव्हा बटण त्यांच्या हाताला लागणार नाही अशा ठिकाणी असावे, हे सांभाळणाऱ्यांना हळूच सांगून ठेवतो.

निफाडमध्ये या काळात सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो. त्याआधी फिरायला निघण्याचा हट्ट ज्येष्ठांनी सोडावा. थंड हवेत रक्तदाब चढलेलाच असतो आणि हृदयावर ताण असतो. शिवाय शेकोट्यांचा धूर धुक्यात जमिनीलगत रेंगाळत असतो, आणि दम्याच्या रुग्णाला तो नेमका भोवतो. पहाटेच्या स्नानाचेही तसेच. पौषात पहाटे अंघोळ करण्याचे पुण्य मोठे असेल, पण 11 वाजता केलेल्या अंघोळीने देव रागावल्याचे माझ्या तरी ऐकिवात नाही. गरम पाण्याने रक्तवाहिन्या सैल पडतात आणि उठताना भोवळ येते. म्हणून मोरीत बसायला स्टूल असावे आणि दाराला आतून कडी नसावी. गॅसचा गिझर असेल तर तो न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवून घ्यावा.

आता शेगडीविषयी बोलतो. काही वर्षांपूर्वी जानेवारीतल्या एका पहाटे एका मळ्यातून मला फोन आला. आई-वडील झोपलेल्या खोलीत रात्री कोळशाची शेगडी ठेवली होती. वारा येऊ नये म्हणून खिडकीच्या फटीत चिंध्या कोंबल्या होत्या. धारा काढायच्या वेळी मुलाने हाक मारली तर आईला ओकारी येत होती आणि वडील अर्धवट शुद्धीत होते. मी फोनवरच सांगितले, दारे-खिडक्या उघडा, दोघांना अंगणात आणा, गाडी काढा, तोवर इतर काही करू नका. रुग्णालयात प्राणवायू मिळाला आणि दोघे वाचले. कोळसा किंवा लाकूड अर्धवट जळताना कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नसतो, वास नसतो. रक्तातील प्राणवायूची जागा तो बळकावतो आणि माणूस झोपेतच गुंगत जातो. बागेतील शेकोटी द्राक्षाला वाचवते, कारण तिच्यावर आभाळ असते. मिटलेल्या खोलीत तीच शेकोटी घरातल्यांच्या जिवावर उठते. निखारे विझल्यासारखे दिसत असले तरी शेगडी निजायच्या खोलीत ठेवू नका, ही विनंती मी दर वर्षी करतो आणि पुढेही करत राहीन.

सकाळी 9 नंतरचे घर मात्र आपण नीट पाहावे असे आहे. आमच्याकडची घरे उन्हाळ्यासाठी बांधलेली असतात. जाड भिंती, लहान खिडक्या, आत अंधार. एप्रिलमध्ये हेच गुण आपल्याला तारतात. डिसेंबरमध्ये त्या भिंती रात्रीची थंडी दुपारपर्यंत धरून ठेवतात. त्यामुळे सकाळी 10 वाजता ओट्यावर स्वेटर काढावासा वाटतो आणि त्याच वेळी मधल्या खोलीत हात गारठतात. गार हवा खाली साचत असल्याने जमिनीवर अंथरूण घालणाऱ्याला ती सर्वाधिक बाधते. आणि नेमके याच वेळी प्रेमळ मुले-सुना म्हणतात, “बाहेर गारठा आहे, आतच बसा.”

त्यांचे प्रेम खरे, पण या वेळेपुरता त्यांचा हिशेब उलटा असतो. या दिवसांत सूर्य आग्नेयेला उगवतो, दक्षिणेकडे झुकून चालतो आणि भर दुपारीसुद्धा आकाशाच्या निम्म्याच उंचीपर्यंत चढतो. म्हणून दक्षिणेचे दार असेल तर ऊन घरात खोलवर येते. हा उन्हाचा तुकडा दिवसभर घरभर फिरत असतो. माझ्या ओळखीचे 82 वर्षांचे एक निवृत्त शिक्षक त्याच्यामागून आपली खुर्ची सरकवत नेतात. 8 वाजता पूर्वेचा ओटा, 10 वाजता तुळशीजवळ, दुपारी दक्षिणेच्या दारात, 4 वाजता मागच्या अंगणात शेवग्याखाली. प्रत्येक ठिकाणी काम वेगळे. ओट्यावर वर्तमानपत्र, तुळशीजवळ पक्षी. तेथे दर हिवाळ्यात थिरथिरा नावाचा एक चिमुकला पाहुणा उतरतो, दूर उत्तरेकडून येतो आणि कुंपणावर बसून तांबूस शेपूट सारखी थरथरवत राहतो. तो कोणत्या तारखेला आला हे मास्तर कॅलेंडरवर लिहून ठेवतात. शेवग्याखाली नातवाचा गृहपाठ. मी त्यांना एकदा विचारले, “मास्तर, एवढी खुर्ची कशाला हलवता?” ते म्हणाले, “डॉक्टर, मी हलवत नाही, सूर्य हलवतो.” दिवसातून चार वेळा उठणे, खुर्ची उचलणे, दहा-वीस पावले चालणे. त्यांच्या गुडघ्यांसाठी मी लिहून दिलेल्या व्यायामाचा कागद कोठे आहे हे त्यांना ठाऊक नाही, आणि मीही आता तो मागत नाही.

ड जीवनसत्त्वासाठी मात्र कोवळे ऊन फारसे उपयोगी पडत नाही. त्यासाठी साधारण 11 ते 3 या वेळचे ऊन लागते, तेही हातापायांच्या उघड्या त्वचेवर. काचेतून आलेले नव्हे. सकाळचे ऊन उबेसाठी आणि दुपारचे थोडे हाडांसाठी असे समजा.

याच्या उलट उदाहरणही सांगतो. गावातल्या एका आजी नोव्हेंबरात मोरीच्या उंबऱ्याला अडखळून पडल्या. हाड मोडले नाही, पण घर घाबरले. मुलगा मला म्हणाला, “डॉक्टर, संक्रांतीपर्यंत आईला खोलीबाहेर काढायचंच नाही, असं ठरवलंय.” जेवण खोलीत, चहा खोलीत, अंगावर दोन गोधड्या. तीन आठवड्यांनी मी गेलो तेव्हा आजींची भूक गेली होती, पोट साफ होत नव्हते, दिवसा झोप आणि रात्री जागरण चालले होते. सुनेला त्या भलत्याच नावाने हाक मारू लागल्या होत्या. घरच्यांना वाटले, स्मृतिभ्रंश सुरू झाला. तपासले तर जीभ कोरडी होती. वारंवार उठावे लागू नये म्हणून त्यांनी पाणीच सोडले होते, आणि वार्धक्यात तहानही नीट लागत नाही. माझ्याकडे पाहून म्हणाल्या, “मला काय खुडूक कोंबडीसारखं बसवलंय हो यांनी?” बुद्धी शाबूत होती, हे तेवढ्यावरून माझ्या ध्यानात आले.

औषध थोडेच बदलले. खुर्चीजवळ कोमट पाण्याचा थर्मास, मोरीच्या भिंतीला धरायचा दांडा, उंबऱ्यावर पिवळी पट्टी, आणि रोज 11 वाजता गच्ची. गच्चीला तेरा पायऱ्या होत्या. मुलगा तयार होईना. त्याची बाजू मला कळत होती. आई पडली तर रात्रंदिवस करणारा तोच होता, आणि शेजारी बोलणार तेही त्यालाच. अखेर असे ठरले की बारावीतली नात मागे उभी राहील, आजी एका हाताने कठडा धरतील, आणि सहाव्या पायरीवर ठेवलेल्या पाटावर बसून दम घेतील. पहिल्या दिवशी त्या पाटावरूनच परतल्या. चौथ्या दिवशी वर पोहोचल्या, तेव्हा शेजारच्या गच्चीवरून कोणी तरी, “अहो काकू, दिसला नाहीत कितीक दिवस!” असे ओरडले. पुढे तेथेच मेथी निवडणे, तीळ पाखडणे सुरू झाले. भोगीची भाजी त्यांच्या देखरेखीखाली झाली. वांगी, गाजर, ओला हरभरा, वाटाणा आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी. त्यांना मधुमेह असल्याने गूळ बेताचा, एवढेच माझे म्हणणे होते. सुनेला त्या पुन्हा तिच्याच नावाने हाक मारू लागल्या, आणि चुकाही काढू लागल्या, असे सुनेने हसत सांगितले.

आपण कोणाला सांभाळत असाल, तर आणखी थोड्या गोष्टी ध्यानात असू द्या. एका जाड स्वेटरपेक्षा दोन-तीन पातळ कपडे एकावर एक अधिक ऊब देतात. कान आणि पाय झाका. मधुमेह्याच्या पायाशी गरम पाण्याची पिशवी ठेवून झोपू नका. संवेदना गेलेल्या पायाला भाजल्याचे सकाळीच कळते. प्रोस्टेटचा त्रास असलेल्या आजोबांना मेडिकलमधून परस्पर आणलेली सर्दीची गोळी देऊ नका, तिने लघवी तुंबते. दर हिवाळ्यात असे दोघे-तिघे रात्री-अपरात्री माझे दार ठोठावतात. रक्तदाब डिसेंबरात एकदा तपासून घ्या आणि मार्चमध्ये पुन्हा, कारण हिवाळ्यात वाढवलेली मात्रा उन्हाळ्यात जड होऊ शकते; गोळी स्वतः कमी-जास्त करू नका. वृद्धांना थंडी वाजल्याचे नेहमी कळतेच असे नाही, आणि हुडहुडीही भरत नाही. माणूस सुस्त झाला, बोलणे अडखळू लागले, पोटाला हात लावला तर गार लागले आणि थर्मामीटरवर आकडा 95 अंश फॅरनहाइटच्या खाली दिसला, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठा.

होळीच्या सुमारास द्राक्षांची काढणी जोरात असते. दुपारचा ओटा तापू लागतो. कुंपणावरचा थिरथिरा एके दिवशी दिसेनासा होतो. मास्तर त्या दिवसाची तारीख लिहितात आणि खुर्ची उचलून उत्तरेच्या पडवीत, माठाशेजारी नेऊन ठेवतात.