प्रतिवादी कोण?

वकिलाला कुठलाही विषय कागद वाचून समजतो असा लोकांचा समज असतो, आणि वकीलही तो दूर करायला फारसे उत्सुक नसतात. बारच्या अभ्यासवर्गात 'हवामानबदल आणि कायदा' यावर कुणीतरी बोलावं असं ठरलं आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी सोलापूरच्या कोर्टात वाटणीचे, ताब्याचे, मोटार अपघाताचे दावे चालवतो. या विषयातलं माझं ज्ञान 'यंदा ऊन फार आहे' इथे सुरू होऊन तिथेच संपत होतं.

ओळखीच्या वाटेनं शिरावं म्हणून आधी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल काढला. एम. के. रणजितसिंह विरुद्ध भारत सरकार, २१ मार्च २०२४. हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा हक्क घटनेच्या १४ आणि २१ या अनुच्छेदांतून निघतो, असं कोर्टानं त्यात म्हटलं आहे. मला वाटलं, याचिका एखाद्या पूरग्रस्ताची नाहीतर मच्छीमारांची असणार. ती होती माळढोकासाठी! नान्नजचं अभयारण्य आमच्या दाराशी, त्यामुळे माळढोक म्हटलं की सोलापूरकर सावरून बसतो. आता तिथे एखादा दिसला तरी बातमी होते. खटला मात्र राजस्थान आणि गुजरातमधल्या माळढोकांचा. अंगानं जड पक्षी, डोळे बाजूला. समोरची वीजतार त्याला वेळेत दिसत नाही आणि दिसली तरी झटकन वळता येत नाही. २०२१ साली कोर्टानं तिथल्या तारा जमिनीखालून न्यायला सांगितलं होतं. मग सरकार म्हणालं, सौरऊर्जा त्याच माळांवर होणार आहे, एवढ्या तारा पुरणं अशक्य आहे, आणि सौरऊर्जेशिवाय देशानं जगाला दिलेली वचनं पुरी होणार नाहीत. कोर्टानं आधीचा सरसकट आदेश मागे घेतला, तज्ज्ञांची समिती नेमली, आणि त्याच ओघात हा नवा हक्क सांगितला. ज्या पक्ष्यासाठी दाद मागितली होती त्याच्या पदरात आधीपेक्षा कमी पडलं, आणि कुणी न मागितलेला हक्क एकशेचाळीस कोटी लोकांना मिळाला. हवामानबदलासाठी आपल्याकडे स्वतंत्र असा एकछत्री कायदा नाही, हेही त्याच निकालपत्रात लिहिलं आहे. मी पेन खाली ठेवलं.

सप्टेंबर २०२५ मध्ये आमच्या सीना नदीला पूर आला तेव्हा माझं वाचन इथपर्यंतच आलं होतं. दुष्काळी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्यात माणसं बोटीतून बाहेर काढावी लागली. नदीकाठचे एक जुने अशील ऑफिसात आले. आम्ही सगळे त्यांना आण्णा म्हणतो. त्यांनी मोबाइलमधले फोटो दाखवले. काळी माती खरवडून गेलेली, खालचा मुरूम उघडा पडलेला, ठिबकच्या नळ्या बाभळीला गुंडाळलेल्या. एका फोटोत विहीर असायला हवी होती. तिथे नुसता गाळ होता.

"वकीलसाब, टीव्हीवर म्हनतेत ह्ये हवामानबदलानं झालं. मग दावा कुनावर टाकायचा वो?"

"बघून सांगतो, आण्णा," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

पण प्रश्न पक्का कायद्याचा होता. नुकसान डोळ्यांसमोर होतं. आता कारण सिद्ध करायचं, मग प्रतिवादी शोधायचा, मग कोर्ट. मी त्याच क्रमानं निघालो.

माझी ज्युनिअर बी.एस्सी. करून कायद्याकडे वळलेली आहे. तिनं आयपीसीसी या हवामानबदलावरच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०२१च्या अहवालातला धोरणकर्त्यांसाठीचा सारांश छापून आणला. पहिला धक्का असा, की ही संस्था स्वतः संशोधन करतच नाही. १९८८ साली ती स्थापन झाली ती जगभर छापून आलेलं संशोधन तपासून त्याचा निष्कर्ष सांगण्यासाठी. दुसरा धक्का म्हणजे, तो सारांश सरकारांचे प्रतिनिधी ओळ न् ओळ वाचून मंजूर करतात. सौदी अरेबिया त्यात असतो, अमेरिका असते, आपणही असतो. आरोपपत्रावर आरोपींच्या सह्या मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिल्या. यावर 'मग ते मवाळच असणार' असं कुणी म्हणेल, तर ते बरोबर आहे. तरीही त्यात मानवी प्रभावाबद्दल 'निःसंशय' असं लिहिलं आहे.

आमच्याकडे फौजदारीत संशयाचा फायदा आरोपीला जातो, दिवाणीत शक्यतांचा तोल पाहतात. या मंडळींनी शक्यतेला आकडेच लावून ठेवलेत. 'शक्य आहे' म्हणजे किमान ६६ टक्के, 'बहुधा' म्हणजे किमान ९०, त्याच्या वरची पायरी ९५. जुने अहवाल लावून पाहिले तेव्हा यातली गंमत कळली. १९९५ साली म्हटलं, माणसाचा प्रभाव जाणवतो आहे. २००१ मध्ये अलीकडच्या तापमानवाढीच्या बहुतांश भागाबद्दल ६६ टक्क्यांची भाषा आली, २००७ मध्ये ९०ची, २०१३ मध्ये ९५ची. २०२१ साली टक्केवारीच सोडून दिली. इतक्या संथपणे, इतका हात राखून आरोप ठेवणारा फिर्यादी मला कोर्टात भेटला नाही. आमच्याकडे पहिल्या तारखेलाच शंभर टक्के असतात.

तरी उलटतपासणी घेतल्याशिवाय सोडायचं नाही असं ठरवलं. पहिला संशयित सूर्य. तापतोय तोच, मग दोष धुराला का? याचं उत्तर मला फार आवडलं. सूर्याचा जोर वाढला असता तर वातावरणाचे खालचे-वरचे दोन्ही थर तापले असते. प्रत्यक्षात खालचा थर तापतो आहे आणि वरचा, स्थितांबराचा, थंड होतो आहे. उष्णता खाली अडवली जात असेल तरच असं होतं. जपानमध्ये जन्मलेले स्युकुरो मनाबे यांनी हे १९६७ सालीच गणितानं दाखवलं होतं. त्यांना नोबेल मिळायला २०२१ उजाडावं लागलं. आणि उपग्रह गेली चार दशकं सूर्यावर नजर ठेवून आहेत; त्याचा जोर वाढल्याची नोंद नाही. सूर्य निर्दोष सुटला.

मग म्हटलं, हवेतला जास्तीचा कार्बन ज्वालामुखीचा नाहीतर समुद्राचा कशावरून नाही? इथे ठसे सापडले. कोळसा आणि तेल कोट्यवधी वर्षं जमिनीत गाडलेलं असतं, त्यामुळे त्यातला कार्बन-१४ कधीच संपून गेलेला असतो. शिवाय वनस्पतींपासून बनल्यामुळे कार्बन-१३ही कमी. हवेतल्या कार्बनमध्ये या दोन्हींचं प्रमाण जाळलेल्या इंधनाच्या हिशेबानं घसरत आलं आहे, आणि जाळताना जेवढा प्राणवायू खर्च व्हायला हवा तसा तोही कमी होत चालला आहे. हवाईतल्या मौना लोआ वेधशाळेत चार्ल्स कीलिंग यांनी १९५८ साली मोजायला घेतलं तेव्हा दशलक्षात ३१५ भाग कार्बन डायऑक्साइड होता. आता ४२०च्या पुढे गेला आहे. हा वायू तापतो हे युनिस फूट या अमेरिकन बाईंनी १८५६ साली काचेच्या नळकांड्यांत थर्मामीटर घालून, ती उन्हात ठेवून दाखवलं होतं. आपल्याकडे तेव्हा सत्तावन्नचं बंड व्हायचं होतं.

एका जागी मात्र मी पुरता गोंधळलो. जग १.१ अंशाच्या आसपास तापलं, आणि पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेच्या २०२०च्या अहवालात भारताचा आकडा १९०१ ते २०१८ या काळात सुमारे ०.७. आपण कमी तापलो? सोलापुरात बसून हे वाचायचं? ज्युनिअरनं समजावलं, की आपल्या हवेतली धूळ, धूर आणि काजळी ऊन अडवते, ओलिताखालच्या जमिनीमुळेही थोडा गारवा राहतो. म्हणून तापमानवाढ काही प्रमाणात झाकली जाते. म्हणजे हवा स्वच्छ केली तर गरमी वाढणार? "तेवढ्यापुरती, सर," ती म्हणाली. माझ्या वहीत या ओळीपुढे अजून प्रश्नचिन्ह आहे.

कारण सिद्ध झालं, पण आण्णांच्या रानापुरतं नाही. एक अंश तापमान वाढलं की हवेत सुमारे ७ टक्के जास्त बाष्प मावतं, त्यामुळे पाऊस कोसळला की जोरात कोसळतो, इथवर ठीक. पण 'हाच' पूर त्यामुळे आला का? हवामानशास्त्रज्ञ फ्रीडेरिके ओटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याची पद्धत बसवली आहे. संगणकात दोन पृथ्व्या चालवायच्या, एक आजची आणि एक माणसानं धूर न केलेली, आणि तसला पाऊस दोन्हींत किती वेळा पडतो ते मोजायचं. उत्तर 'हो' किंवा 'नाही' असं येत नाही, 'इतक्या पटीनं जास्त संभव' असं येतं. कोर्टात साक्षीदारानं असं उत्तर दिलं तर मी लगेच म्हणेन, प्रश्नाचं सरळ उत्तर द्या.

आता प्रतिवादी. इथे जर्मनीतला खटला सापडला आणि मी जेवण विसरलो. पेरूमध्ये अँडीज पर्वतात हुआरास नावाचं शहर आहे, तिथले साऊल लुसियानो युया शेतकरी आहेत. वरच्या हिमनद्या वितळून पाल्काकोचा तलाव भरत चालला आहे. तो फुटला तर त्यांचं घर वाहून जाईल. त्यांनी २०१५ साली दावा टाकला तो थेट आर.डब्ल्यू.ई. या जर्मन वीज कंपनीवर. कंपनीनं पेरूत कधी काडी पेटवली नव्हती. मागणी काय, तर जगाच्या आजवरच्या धुरात तुमचा वाटा ०.४७ टक्के, तेव्हा संरक्षणाच्या खर्चातला तेवढाच हिस्सा द्या. अंदाजे १७ हजार युरो. खालच्या कोर्टानं दावा फेटाळला, हाम इथल्या वरिष्ठ न्यायालयानं तो पुराव्यासाठी घेतला, आणि २०२२ साली न्यायाधीश स्वतः पेरूला जाऊन तलाव पाहून आले. आमच्याकडे बांधाच्या दाव्यात कोर्ट कमिशनर शेतापर्यंत जाईल याची खात्री नसते! मे २०२५ मध्ये निकाल लागला. दावा फेटाळला, कारण पुढच्या तीस वर्षांत पाणी त्यांच्या घरापर्यंत येण्याची शक्यता एक टक्क्याच्या आसपासच निघाली. पण कोर्टानं तत्त्व मान्य केलं: मोठ्या प्रमाणावर धूर सोडणाऱ्याला दूर देशातल्या नुकसानीबद्दल जबाबदार धरता येतं.

हे आण्णांना सांगितलं. ते लगेच म्हणाले, "मग आपल्या जिल्ह्यात बी हाय की चिमनी." सोलापुरात चिमणी म्हटलं की विमानतळासाठी २०२३ साली पाडलेली साखर कारखान्याची चिमणी आठवते, पण ते बोलत होते कोळशाच्या विजेबद्दल. मी डोक्यावरच्या पंख्याकडे बोट दाखवलं. आण्णांनी वर पाहिलं आणि मग त्यांच्या पाणबुडी मोटारीचा विषय स्वतःच काढला.

सरकारं काय करतात हे वाचताना माझा उरलासुरला धीर सुटला. २०१५च्या पॅरिस कराराचं पंधरावं कलम पाहा. पालन न करणाऱ्यांसाठी समिती आहे, आणि ती कुणाच्या विरोधात नसेल, कुणाला शिक्षा करणार नाही असं कलमातच लिहिलं आहे. अमेरिका २०२० मध्ये करारातून बाहेर पडली, २०२१ मध्ये परत आली, जानेवारी २०२५ मध्ये पुन्हा बाहेर पडण्याचं जाहीर केलं; वारीतसुद्धा माणसं एवढी ये-जा करत नाहीत. विज्ञान डळमळीत असेल आणि करार भक्कम असतील असं धरून मी निघालो होतो, ते उलटं निघालं. आपल्या आकड्यांनीही चकवलं. स्थापित वीजक्षमतेपैकी निम्मी बिगर-जीवाश्म इंधनाची झाली, हे लक्ष्य २०३० चं होतं आणि आपण ते २०२५ मध्येच गाठलं. टाळ्या वाजवणार, तेवढ्यात ज्युनिअर म्हणाली, ही क्षमता आहे, निर्मिती नव्हे. सूर्य संध्याकाळी मावळतो. प्रत्यक्ष वापरातली निम्म्याहून बरीच जास्त वीज अजून कोळशाची आहे.

व्याख्यान झालं. एक ज्येष्ठ वकील म्हणाले, हे सगळं गोऱ्यांचं कारस्थान. त्यांच्या रागात तथ्य आहे: अमेरिकन माणूस वर्षाला सुमारे १४ टन कार्बन डायऑक्साइड सोडतो आणि आपण सुमारे २, १९९२च्या रिओ परिषदेपासून 'जबाबदारी सामायिक पण वेगवेगळी' हे तत्त्व आपण त्यासाठीच धरून आहोत. पण एकूण उत्सर्जनात आपण तिसरे आहोत, आणि सीनेला हा हिशेब सांगून उपयोग नाही. सगळ्या सभागृहात हवामान बदलतंय हे नाकारणारा एकही नव्हता. येल विद्यापीठ आणि सी-व्होटरच्या २०२२च्या पाहणीतही असंच आहे. निम्म्याहून अधिक भारतीयांनी या विषयाबद्दल थोडंच किंवा काहीच ऐकलेलं नाही; पण थोडक्यात समजावून सांगितलं की ८४ टक्के म्हणतात, हो, हे होतंय. आपल्याकडे अडचण अविश्वासाची नाही. उलट इतक्या सहज विश्वास बसतो, की ओढ्यात प्लॉट पाडणारे आणि नाले न काढणारेही आता 'ग्लोबल वॉर्मिंग' म्हणून हात वर करतात. मला सगळ्यात जास्त चीड त्यांची आली.

आण्णांचं प्रकरण मार्गी लागलं आहे, पण निराळ्या वाटेनं. पुरात हद्दीच्या खुणा वाहून गेल्या आणि चुलतभावानं गाळ ओढता ओढता बांध दीड-दोन हात अलीकडे आणला. भूमी अभिलेखकडे तातडीच्या मोजणीचा अर्ज केला आहे, फी भरली आहे. मोजणीत अतिक्रमण निघालं तर दावा चुलतभावावर टाकायचा. वकालतनाम्यावर सही करताना आण्णांनी एवढंच विचारलं, की मोजणीदार येईल तेव्हा रानात चिखल असेल का. तारीख अजून मिळालेली नाही.